रिमोटवरची लाकूडतोड: पहिल्यांदा ट्रान्समीटर हातात घेणाऱ्यांसाठी

बुंध्याशी वाकून चेनसॉ चालवणाऱ्या माणसाची नजर कापावर असते, आणि त्याला मारणारी गोष्ट बहुधा डोक्यावर असते. वाळकी फांदी, शेजारच्या झाडात अडकलेला शेंडा, उतारावरून सुटलेला ओंडका. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाने २०२२ साठी दिलेला लाकूडतोड कामगारांचा मृत्युदर दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे १००.७ होता. सगळ्या धंद्यांचा मिळून तो ३.७ होता. न्यूझीलंडमध्ये २०१३ या एका वर्षात जंगलकामात दहा जण गेले, आणि पुढच्या वर्षी एका स्वतंत्र समितीने सगळ्या धंद्याची झाडाझडती घेतली. त्याच देशात उतारावरच्या तोडीवर जे संशोधन चाललं त्याचं ब्रीद सरळ होतं: उतारावर माणूस नको, चेनसॉवर हात नको.

रिमोट ही त्या ब्रीदाकडे जाणारी एक वाट आहे. पण नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगायला हवी, जी विक्रीच्या माहितीपत्रकात सापडत नाही. जंगलातल्या मशीनची कॅब म्हणजे पोलादी पिंजरा असतो. मशीन उलटलं तरी न चेपणारी चौकट, वरून फांदी पडली तर झेलणारं छत, समोर जाड पॉलिकार्बोनेटची काच. या प्रत्येकासाठी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आयएसओ ८०८२, ८०८३ आणि ८०८४. रिमोट घेऊन तुम्ही कॅबमधून उतरता तेव्हा हे सगळं मागे राहतं. आता तुमच्याकडे हेल्मेट आहे आणि अंतर आहे. अंतर राखलंत तर कॅबपेक्षा सुरक्षित. ‘जरा जवळून बघतो’ म्हणून दहा पावलं पुढे सरकलात, की कॅबमधल्या माणसापेक्षा कितीतरी उघडे.

हा लेख ज्यांना मशीनची किंवा तोडीची थोडीफार ओळख आहे, पण रिमोट नवा आहे, त्यांच्यासाठी. शेजारी अनुभवी माणूस उभा आहे असं धरून लिहिलंय. तो नसेल तर सुरुवात करू नका.

१. आपल्याला नक्की कोणतं रिमोट हवंय?

‘रिमोटची लाकूडतोड’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खोलीत बसून स्क्रीनवर मशीन चालवणारा माणूस येतो. ते शेवटचं टोक झालं. त्या टोकाच्या अलीकडे बरंच काही आहे.

सगळ्यात साधी म्हणजे रेडिओवर चालणारी छोटी अवजारं: झाड ढकलणारी पाचर, ओंडके ओढणारी विंच, आणि ओंडक्याभोवतीचा बटणावर आपोआप सुटणारा फास. त्यानंतर येतात नजरेच्या टप्प्यात चालवायची मशीनं. त्यांत ट्रॅकवर चालणारी छोटी विंच-गाडी आली, झुडपं साफ करणारं मल्चर आलं, आणि रिमोटचा संच बसवलेलं मोठं पाडणारं मशीनही आलं. ट्रान्समीटर, म्हणजे मशीनला हुकूम पाठवणारी पेटी, पट्ट्याने पोटावर अडकवायचा, मशीन डोळ्यांनी बघत चालवायचं. तिसरा प्रकार कॅमेऱ्यावरचा. मशीन उतारावर, तुम्ही सुरक्षित जागी बंद केबिनमध्ये, आणि मध्ये रेडिओ.

माझं मत विचाराल तर छोट्या अवजारांपासून सुरू करा. कमी दिमाखाची आहेत, पण माणसाला बरोबर त्या घटकेला बुंध्यापासून दूर नेतात, जेव्हा दूर असणं सगळ्यात गरजेचं असतं. शिवाय रिमोटच्या सवयी त्यांवर बसतात: बॅटरी बघणं, जोडणी तपासणं, बटण दाबण्याआधी मान वर करून सगळीकडे पाहणं.

पाचरीचंच उदाहरण घ्या. मागचा काप (झाड पाडायचंय त्याच्या उलट बाजूचा) दिल्यावर झाड हवं त्या दिशेला कलावं म्हणून कापात पाचर ठोकतात. घणाचा प्रत्येक ठोका खोडातून थेट शेंड्यापर्यंत जातो. जिवंत, लवचिक झाड तो पचवतं. वाळलेलं झाड पचवत नाही. वरची फांदी तिथल्या तिथे सुटते, आणि खाली घण घेतलेला माणूस उभा असतो. युरोपात १९९० च्या दशकापासून एका बुरशीने ॲश नावाची झाडं वाळवत आणली आहेत. अशी झाडं इतकी ठिसूळ होतात की घण मारणं म्हणजे नशिबाला आवाज देणं. रेडिओची पाचर या जागी कामाला येते. पाडायच्या बाजूला खाच घ्यायची, मागचा काप द्यायचा, बिजागरी म्हणून न कापलेली लाकडाची पट्टी नीट राखायची, पाचर कापात बसवायची. मग चेनसॉ उचलून, आधीच साफ करून ठेवलेल्या वाटेने तिरकं मागे जायचं. दूर पोचल्यावर बटण. आतला स्क्रू फिरतो, पाचर इंच-इंच पुढे सरकते, आणि झाड धक्का न खाता, कण्हत कण्हत कलतं. त्या वेळी तुमची नजर शेंड्यावर असते. घण मारणाऱ्याला ही चैन कधीच नव्हती.

पण पाचर बिजागरी कापत नाही. तुम्ही ती जाड ठेवली असेल तर पाचर नुसतीच जोर लावत बसेल, आणि खोड उभं चिरण्याची भीती राहील. त्यामुळे रिमोट आलं म्हणून कापातली चूक माफ होत नाही. आणि झाड अर्धवट कललं व अडकलं, तर काप दुरुस्त करायला पुन्हा बुंध्याशी धावायचं नाही. ते झाड आता मशीनने किंवा विंचने ओढायचं.

२. उतार मोजा, डोळ्यांनी नव्हे

उताराचा अंदाज घ्यायला डोळे फार वाईट. वरून पाहिलं की तोच उतार कडा वाटतो, खालून पाहिलं की किरकोळ. उतारमापक घ्या आणि ज्या पट्ट्यातून मशीन जाणार तो पायी चालून मोजा.

टक्के आणि अंश यांत गोंधळ करू नका. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, ९० नव्हे. ३५ टक्के म्हणजे साधारण १९ अंश, ४० टक्के म्हणजे २२, ५० टक्के म्हणजे २७. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या नियमांत रबरी टायरच्या स्किडरला (ओंडके ओढून नेणाऱ्या मशीनला) ३५ टक्के, ट्रॅकवरच्या सर्वसाधारण मशीनला ४० टक्के आणि खास उतारासाठी घडवलेल्या मशीनला ५० टक्के अशी मर्यादा आहे. त्यापुढे जायचं तर जाणकाराने जोखीम तपासून लेखी कार्यपद्धती द्यावी लागते. तुमच्याकडचा नियम आणि मशीनच्या हस्तपुस्तिकेतला आकडा, या दोनांपैकी जो कमी तो तुमचा. रिमोट बसवलं म्हणून मशीनची उतार चढण्याची ताकद तसूभर वाढत नाही. हे लिहावं लागतंय, कारण ‘आत माणूस नाही, मग जाऊ दे की’ हे वाक्य मी कामावर ऐकलंय. आत माणूस नसला तरी उलटलेलं मशीन उतारावरून घरंगळत खालीच येतं.

चालताना आणखी तीन गोष्टी टिपून घ्या. लपलेले बुंधे आणि दगड: एका ट्रॅकखाली बुंधा आला की मशीन एकदम आडवं कलतं. ओली किंवा भुसभुशीत जमीन. आणि मशीनला वळावं लागेल अशा जागा. उतारावर सरळ वर-खाली जाणं बरं, आडवं जाणं वाईट, आणि आडवं असताना वळणं सगळ्यात वाईट.

३. तुम्ही कुठे उभे राहणार?

मशीन सुरू करण्याआधी स्वतःची जागा ठरवा. नवी माणसं उलट करतात. आधी मशीन, मग जिथून दिसेल तिथे आपण. हळूहळू ती मशीनमागे ओढली जातात, कारण काम जिथे चाललंय तिथे जावंसं वाटतं.

जागा निवडताना मी मनात असं बोलतो: झाड पडलं तर माझ्यापर्यंत येईल का? ओंडका सुटला तर? मशीन सुटलं तर? दोरी तुटली तर? साखळी तुटली तर? पाचही वेळा ‘नाही’ आलं पाहिजे.

उताराच्या खालच्या अंगाला कधीच नाही, मशीन किती का लांब असेना. वरच्या अंगाला किंवा बाजूला. इतर कामकऱ्यांसाठी अमेरिकी नियम असा आहे की पाडकाम आणि शेजारचं काम यांत किमान दोन झाडांच्या उंचीएवढं अंतर हवं. हे किमान आहे. उतारावर झाड घसरतं, शेजारच्याला घेऊन पडतं, तेव्हा वाढवा. दोरी वापरात असेल तर ती जिथे पुलीवरून किंवा बुंध्यावरून वळते, त्या कोनाच्या आतल्या बाजूला थांबू नका. ताणलेली दोरी सुटली की ती सरळ व्हायला बघते, आणि मध्ये जे असेल त्याला घेऊन जाते.

साखळीची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पाडणाऱ्या हेडमधली (मशीनच्या हाताच्या टोकाला झाड धरून कापणाऱ्या भागातली) करवतीची साखळी प्रचंड वेगाने फिरते. तुटली तर तिच्या टोकाचा एखादा दुवा गोळीसारखा सुटतो, आणि तो मुख्यतः बारच्या (साखळी जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या) पातळीत, म्हणजे बार ज्या सपाटीत फिरतो त्याच सपाटीत जातो. कॅबची जाड काच याचसाठी असते. तुमच्यापुढे काच नाही. म्हणून हेड तुमच्या दिशेने ‘बोट दाखवत’ असताना करवत चालवायची नाही. आधी बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, फिरवा, मग कापा. हस्तपुस्तिकेत आणि बूमवरच्या स्टिकरवर दूर राहायचं अंतर मीटरमध्ये दिलेलं असतं. ते पाठ असू द्या.

जागेला एक खूण करा. रंगीत फीत, खुंटी, काहीही. मशीन चालू असेपर्यंत त्या खुणेच्या पुढे पाऊल नाही. दिसेनासं झालं तर मशीन थांबवा, मग जागा बदला. दोन्ही एकदम कधीच नको; ट्रान्समीटर पोटावर आणि नजर मशीनवर ठेवून उतारावर चालणारा माणूस पडतोच.

४. सकाळची तपासणी

मशीनची नेहमीची तपासणी मी इथे सांगत बसत नाही. तेल, होज, ट्रॅकचा ताण, हेडचे बोल्ट, ते तुम्हाला येत असेल. एकच जोड: गळती शोधायला हात फिरवू नका. बारीक भोकातून दाबाने येणारं हायड्रॉलिक तेल कातडीतून आत शिरतं, आणि ती जखम दिसते टाचणीएवढी पण शस्त्रक्रियेची असते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

रिमोटसाठी वेगळं काय बघायचं?

पहिलं, हा ट्रान्समीटर या मशीनचाच आहे ना. प्रत्येक ट्रान्समीटरची आपल्या रिसीव्हरशी स्वतंत्र सांकेतिक जोडी असते, पण दिसायला दोन ट्रान्समीटर अगदी जुळे. एका कामावर दोन मशीनं असली आणि कुणी घाईत चुकीचा उचलला, की इथे स्टिक (ट्रान्समीटरवरची दांडी) हलते आणि टेकडीमागे दुसरंच मशीन हलतं. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत क्रमांक आणि वेगळ्या रंगाची टेप हवी.

दुसरं, बॅटरी. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते. दुसरी भरलेली बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या ऊबेला ठेवा.

तिसरं, स्टिक. हळूच एका टोकाला न्या आणि सोडा. ती स्वतःहून मध्यावर यायला हवी. चिखल, राळ किंवा भुसा आत जाऊन अडकणारी स्टिक हातात घेऊन काम सुरू करू नका, ‘थोडीशीच अडते’ असं कुणी म्हणालं तरी.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, इमर्जन्सी स्टॉप. तो नुसता दाबून बघू नका, चालत्या मशीनवर दाबून बघा. सपाट मोकळ्या जागी मशीन कासवाच्या वेगात पुढे चालवा आणि लाल बटण दाबा. मशीन जागच्या जागी थांबलं? ब्रेक लागला? आता बटण वर ओढल्यावर ते आपोआप चालू झालं का? व्हायला नको. पुन्हा सुरू करायला वेगळी, मुद्दाम केलेली कृती लागली पाहिजे. मग हीच परीक्षा ट्रान्समीटर सरळ बंद करून घ्या, म्हणजे सिग्नल गेल्यावर मशीन काय करतं ते कळेल. काही ट्रान्समीटरमध्ये कलण्याचा स्विच असतो. माणूस पडला, ट्रान्समीटर आडवा झाला, की मशीन थांबतं. तो असेल तर ट्रान्समीटर हातात आडवा करून तोही बघा. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. यातलं एकही फसलं तर त्या दिवशी रिमोटवर काम नाही.

पाचवं, टप्पा. मशीन सपाटीवर ब्रेक लावून ठेवा आणि आज जितकं लांब उभं राहायचंय त्याहून लांब चालत जा. सिग्नलची पट्टी बघा. रेडिओलहरींना पानं आवडत नाहीत, ओली पानं तर मुळीच नाहीत. लहरींची वारंवारिता जितकी जास्त तितकं पानांत शोषण जास्त, म्हणून कॅमेऱ्याचं चित्र नियंत्रणाच्या सिग्नलआधी अडखळतं. काल कोरड्यात चाललेली जागा आज पावसानंतर चालेलच असं नाही.

५. आठवडाभर सपाटीवर

इथे घाई करणाऱ्यांना मी माझी फजिती सांगतो. कॅबमध्ये बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे रिमोट म्हणजे काय मोठंसं, अशा तोऱ्यात मी पहिल्या दिवशी मैदानात उभा राहिलो. मशीन पाठमोरं असेपर्यंत सगळं सुरळीत. मग ते वळवून माझ्याकडे तोंड करून आणलं. डावीकडे एक रिकामा पिंप ठेवला होता, त्याला टाळायचं म्हणून स्टिक उजवीकडे दाबली. मशीन नेमकं पिंपाकडे वळलं. मी घाबरून आणखी दाबली, ते आणखी वळलं. पिंप चपटा झाल्यावर शिकवणारे गृहस्थ एवढंच म्हणाले, “लाल बटण शोभेला आहे का रे?”

चूक साधी आहे आणि सगळ्यांची होते. मशीनचं तोंड तुमच्याकडे असताना त्याची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. डोक्याला हे माहीत असतं, बोटांना नसतं. उपाय दोन. एक, स्वतःचं अंग वळवा: मशीनचं तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला तुमची छाती, आणि खांद्यावरून मागे पाहायचं. दिसायला विचित्र, पण डावं-उजवं जुळून येतं. दोन, मशीनच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला वेगळे ठळक रंग लावा. दूरवरून, धुळीत, पोकलेनसारख्या फिरत्या मशीनचं ‘पुढे’ कुठे आहे हे चटकन कळत नाही. वरचा भाग फिरलेला असतो आणि ट्रॅक भलतीकडे तोंड करून असतात.

आणि तिसरी सवय, जी उपायापेक्षा मोठी: गोंधळ झाला की दुरुस्त करू नका, सोडून द्या. स्टिक सोडली की मशीन थांबतं. थांबलेल्या मशीनकडे बघत विचार करायला हवा तेवढा वेळ आहे.

सपाटीवर हे करून बघा: आठ आकड्यात चालवणं, दोन्ही तोंडांनी. दोन खुंट्यांमधून मागे येणं. जमिनीवरचा ओंडका उचलून ठरलेल्या चौकोनात न आपटता ठेवणं. मग तेच शिकवणाऱ्याने अचानक ‘थांब’ म्हटल्यावर लाल बटणापर्यंत अंगठा किती लवकर जातो, ते. अंगठ्याला न बघता बटण सापडायला लागलं, की पुढे जा.

कॅबमधून आलेल्यांना आणखी एक जाणवेल. सीटला बसणारे हादरे गेले. इंजिनवर भार आला की आवाज बदलतो, ट्रॅक सुटायला लागला की पाठीला आधी कळतं, तेल जळायला लागलं की नाकाला. हे सगळं आता शंभर मीटर लांब राहिलंय. बदली म्हणून डोळ्यांना नवी कामं द्यावी लागतात: धुराचा रंग, ट्रॅकखालून उडणारी माती, बूमचं डोलणं. कलमापकाचा आकडा ट्रान्समीटरवर दिसत असेल तर तो दर काही सेकंदांनी वाचायचा. आगीचं मात्र डोळ्यांवर सोडू नका. इंजिनाच्या कप्प्यात पाला-भुसा साठतो, तापलेल्या भागाला लागतो, आणि कॅबमध्ये कुणी नसल्याने पहिला वास कुणालाच येत नाही. दिवसातून दोनदा मशीन बंद करून कप्पा झाडा, आणि आग विझवणारी यंत्रणा चालू स्थितीत आहे याची खात्री करा.

६. पहिली झाडं

सरळ, मध्यम, निरोगी आणि कडेची झाडं घ्या. कललेली, जुळी, वाळलेली, अडकलेली झाडं महिनाभर तरी अनुभवी हातासाठी ठेवा, जरी रिमोट मुळात त्यांच्यासाठीच घेतलेला असला तरी.

प्रत्येक झाडाआधी थांबा. शेंडा बघा, माणसं मोजा. माणसं खरोखर बोटांवर मोजायची आणि रेडिओवर प्रत्येकाकडून ‘लांब आहे’ असं ऐकायचं. शांतता म्हणजे होकार नव्हे. मग बूम फिरवून बारची दिशा बघा, पकड घट्ट झालीय ते बघा, आणि मगच काप. झाड धरलेलं असताना बूम खालच्या अंगाला पूर्ण लांबवू नका. झाडाचं वजन आणि लांब हात यांची बेरीज मशीनला खाली खेचते, आणि कॅबमध्ये जी ‘पुढून जड झालं’ ही जाणीव व्हायची ती आता होणार नाही.

७. दोरीवरचं मशीन

तीव्र उतारावर मशीनला वरून वायररोपने धरतात. वर एक जड अँकर मशीन, त्यात विंच, खाली काम करणारं मशीन. हे काम नवख्याचं नाही, पण तुम्ही त्या टोळीत असालच, म्हणून तोंडओळख.

दोरी ही पकड वाढवण्यासाठी असते, मशीन टांगण्यासाठी नव्हे. दोरी सैल झाली तरी मशीन आपल्या ट्रॅकवर आणि ब्रेकवर जागेवर राहील, असाच पट्टा निवडायचा. दोरीवरचा ताण तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या एक तृतीयांशात ठेवायचा, हा न्यूझीलंडमध्ये रुळलेला नियम. तेवढी राखीव ताकद झटक्यांसाठी लागते. बुंध्यावरून एक ट्रॅक घसरला, की क्षणभर ताण किती उडी घेतो ते मीटरवर एकदा बघितलंत की पुन्हा वाद घालणार नाही.

दोरी रोज बघायची, विशेषतः शेवटची काही मीटर आणि जिथे ती दगडावर किंवा बुंध्यावर घासते ती जागा. तुटलेल्या तारा, चपटा झालेला भाग, गंज, पीळ. अँकर मशीनच्या ट्रॅकपाशी जमिनीत खुंट्या ठोकून ठेवा. अँकर इंचभर सरकला तरी खुंटीवरून कळतं. सरकल्यावर वाजणारी घंटाही मिळते, ती जरूर लावा, पण खुंट्या काढू नका.

८. कॅमेऱ्यातून काम करताना

नजरेच्या टप्प्यातलं काम अंगवळणी पडल्यावरच इकडे या. कॅमेरा उतार सपाट दाखवतो. एकाच कॅमेऱ्यात खोली कळत नाही. बुंधा हेडच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दुसऱ्या कोनातल्या कॅमेऱ्याशिवाय समजत नाही. म्हणून किमान एक कॅमेरा बूमवर आणि एक बाजूने बघणारा हवा, आणि कलमापकाचा आकडा स्क्रीनच्या मध्याजवळ, कोपऱ्यात नव्हे. माइक बसवला असेल तर आवाज चालू ठेवा. इंजिनाचा सूर ऐकू आला की निम्मी सीट परत मिळते.

चित्र उशिरा येतं. स्टिक हलवा आणि स्क्रीनवर बूम कधी हलतो ते बघा. जाणवण्याइतका उशीर असेल तर ‘हलवा, थांबा, बघा’ अशा छोट्या टप्प्यांतच काम करा. सलग हालचाल केलीत तर तुम्ही नेहमी जरा जुन्या मशीनला हुकूम देत असता.

गोठलेलं चित्र त्याहून फसवं. मशीन थांबलंय की चित्र? माझी युक्ती: कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कडेला मशीनवरचा फिरता दिवा दिसेल असा कॅमेरा वळवा. दिवा फिरतोय तोवर चित्र ताजं. फिरायचा थांबला की स्टिक सोडा.

९. सिग्नल गेला तर

मशीन थांबेल. माती उचलणाऱ्या मशीनांच्या रिमोटसाठी असलेलं आयएसओ १५८१७ हे मानकही सुरक्षित थांबण्याचीच अपेक्षा ठेवतं, आणि तुमच्या सकाळच्या परीक्षेत ते तुम्ही पाहिलंही आहे. पण थांबणं आणि सुरक्षित होणं यांत फरक आहे. झाड अर्धं कापलेलं असताना सिग्नल गेला, तर मशीन थांबतं, झाड तसंच अर्धं उभं राहतं. बूम भार घेऊन हवेत. वारा चालूच.

अशा वेळी पहिला मोह असतो तो चालत मशीनपाशी जाऊन बघण्याचा. जाऊ नका. रेडिओवर सगळ्यांना कळवा, कामाचा तो पट्टा सगळ्यांना बंद करा. मग बॅटरी बदला. मग सुरक्षित बाजूनेच जागा बदलून सिग्नल येतो का बघा. आला तर स्टिका मध्यावर आहेत हे बघून पुन्हा सुरू करा आणि आधी ते झाड पूर्ण करा. नाहीच आला, तर झाड आणि बूम यांचा अंदाज अनुभवी माणसाने घेतल्याशिवाय त्या घेऱ्यात कुणी शिरणार नाही, मग अख्खा दिवस वाया गेला तरी चालेल. असं ठिकाण एकदा सापडलं की नकाशावर फुली मारा.

१०. मशीनपाशी जाताना आणि दिवस संपताना

अडकलेली फांदी काढायची, साखळी बसवायची, डिझेल भरायचं, कारण कोणतंही असो. हेड आणि पातं जमिनीवर टेकवा, ब्रेक, इंजिन बंद, ट्रान्समीटर बंद. मग चालायला लागा. ट्रान्समीटर गळ्यात चालू ठेवून मशीनवर वाकणाऱ्याचं पोटच स्टिकवर टेकतं, आणि मशीन आज्ञाधारक असतं. दुरुस्ती करायची असेल तर किल्ली काढून, बॅटरीचा मुख्य स्विच तोडून त्यावर स्वतःचं कुलूप लावा, आणि हायड्रॉलिकचा उरलेला दाब सोडा. ट्रान्समीटर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही; तो तुमच्याच खिशात, बॅटरी काढलेली.

संध्याकाळी मशीन उतारावर ठेवू नका. सपाटीवर आणा, दोरी सैल करा, कप्पा झाडा. ट्रान्समीटर पुसून चार्जिंगला लावा, किल्लीपासून वेगळ्या जागी. आणि वहीत दोन-तीन ओळी खरडा: सिग्नल कुठे अडखळला, कोणत्या बुंध्यावर मशीन कललं, दोरी कुठे घासत होती, उद्याची खूण कुठे रोवायची.